पार्सलचं कपाळ

"दाराबाहेर जाणारी वस्तू हळदीकुंकवाचं बोट लावल्याशिवाय हातातनं सोडायची नाही, मंजुषा. माणूस असो नाहीतर मडकं. कपाळाला बोट, मगच उंबरा."

अंबूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्यांचा हा आवाज त्यांच्या सुनेच्या कानात असा मुक्कामाला राहिला होता, की घरातून काहीही बाहेर निघालं की मंजुषाताईंची अनामिका आपोआप देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या कोयरीकडे वळायची. लेकीचं परीक्षेचं पॅड, नवऱ्याची स्कूटर, शेजारी परत जाणारा डबा, कुणाचीही सुटका नव्हती. एकदा गॅसचा रिकामा सिलिंडर नेणाऱ्या माणसाला त्या हळूच म्हणाल्या, "थांबता का दादा जरा," आणि सिलिंडरला टिळा लावून त्यांनी त्याची पाठवणी केली. पुढच्या खेपेला तो माणूस म्हणाला, "काकू, गोदामात हजार सिलिंडर असतात, पण तुमचा सुवासिनीसारखा उठून दिसतो."

मंजुषाताई कधी मोठ्याने बोलल्याचं नाशिकरोडच्या जेल रोडवर कुणाला आठवत नाही. पहाटे तुळशीला पाणी, मग पोथीचा एक अध्याय, आणि अध्याय चालू असताना मौन. घरात आग लागली तरी त्या आधी ओवी पुरी करतील आणि मगच बादली शोधतील, असं त्यांचे यजमान सांगत. दुपारी कापूस घेऊन वाती वळायच्या, प्रत्येक वातीला एकदा देवाचं नाव. त्यामुळे त्यांच्या वाती इतक्या सारख्या यायच्या, की पुण्याला नोकरी करणाऱ्या तेजलने, म्हणजे त्यांच्या मुलीने, सहज म्हणून वातींचे फोटो इंटरनेटवर टाकले तर बंगळुरू, इंदूर, कुठून कुठून मागणी यायला लागली.

आणि इथे जयरामराव पुढे सरसावले.

जयरामराव म्हणजे मंजुषाताईंचे यजमान. उभं आयुष्य नाशिकरोडच्या प्रेसमध्ये टपाल तिकिटं छापण्यात गेलं. निवृत्त झाले, गुडघ्यांनी संप पुकारला, पण अंगातला रुबाब तसाच. लग्नात, बारशात, डॉक्टरकडच्या बाकावर, कुठेही टपालाचा विषय निघाला की ते घसा खाकरत. नाही निघाला तर ते काढत.

"देशातल्या प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यात माझा घाम आहे," ते म्हणत. "टपालाचं मला कुणी सांगू नये."

मंजुषाताईंना ते मनापासून पटायचं. आपल्या नवऱ्याला एखादी गोष्ट येत नसेल, अशी शंका त्यांना कधी शिवलीच नव्हती.

त्यात एक दिवस नांदगावहून बयाबाईंचा फोन आला. बयाबाई म्हणजे अंबूबाईंची बालमैत्रीण. वय झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू.

"सूनबाई, लाख वातींचा नेम केलाय मी," त्या म्हणाल्या. "त्रिपुरी पौर्णिमेला म्हादेवापुढं लावायच्यात. पन वळाया बसले तर कापूस दिसंना, नुसता धूर दिसतो. तुझी सासू म्हनायची, बया, मी नसले तर माझी सून हाय. म्हनून फोन केला."

मंजुषाताईंना भरून आलं. "मी वळते मावशी. पौर्णिमेच्या आत तुमच्या हातात देते. शब्द दिला."

त्यांनी लगेच कापसाचं पोतं उघडलं. दिवाळीचा फराळ झाला तोही वातींच्या मधल्या वेळात. हळूहळू त्यांच्या खोलीत वातींचा असा ढीग लागला, की एखादा ढग चुकून घरात शिरलाय असं वाटावं.

"मी गाडीने जाऊन देऊन येते," त्या म्हणाल्या. "तास-दीड तासाचं तर आहे नांदगाव."

जयरामरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"गाठोडं घेऊन? गर्दीच्या गाडीत? मंजू, अगं जग कुठे चाललंय. आता ऑनलाइन टपालसेवा असतात. संगणकावर वजन टाकायचं, पिनकोड टाकायचा, दर बघायचा, लेबल घरच्या घरी छापायचं. कंपनीचा माणूस दारात येऊन पार्सल उचलतो. तू फक्त वाती वळ. सेवा मी निवडतो." आणि फोन लावून त्यांनी बयाबाईंनाही सांगून टाकलं, "मावशी, तुम्ही दार उघडं ठेवा. त्रिपुरीच्या आधी वाती चालत येतील."

आता शब्द दोघांचा झाला.

जयरामरावांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. बयाबाईंच्या पार्सलाला चूक चालणार नाही, म्हणून आधी बाहेरगावच्या बारक्या मागण्या वेगवेगळ्या कंपन्यांकडून पाठवायच्या, आणि जी कंपनी उत्तम ठरेल तिच्या हाती बयाबाईंचा खोका सोपवायचा. कंपन्यांची इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी त्यांना रंगांवरून ओळखायचं ठरवलं. निळी, नारिंगी आणि हिरवी.

जेवणाच्या टेबलावर संगणक आला, प्रिंटर आला, स्वयंपाकघरातला वजनकाटा आला. जेवणं जमिनीवर गेली.

पहिलं लेबल छापून बाहेर आलं आणि जयरामरावांचा चेहरा उतरला. त्यांनी पुण्याला फोन लावला.

"तेजल, तिकीट कुठाय?"

"तिकीट नसतं बाबा. ते काळे पट्टे दिसतात ना, तेच तिकीट."

"हे?" जयरामरावांनी कागद हाताभर लांब धरला. "ना मोर, ना किल्ला, ना कडेला दाते. ह्याला काय तोंड आहे का?"

"मशीन वाचतं ते. आणि बाबा, लेबलवर पारदर्शक चिकटपट्टी लावा बरं. आपल्या प्रिंटरची शाई कच्ची आहे."

"चिकटपट्टी?" जयरामराव दुखावले. "छापलेल्या कागदावर? आयुष्यात कधी तिकिटावर चिकटपट्टी लावलेली पाहिलीस? ठेव फोन."

लेबल फक्त गोंदाने चिकटवलं गेलं. काठ असे सरळ, की मंजुषाताई बघतच राहिल्या. मग त्या पार्सल घेऊन देव्हाऱ्यापाशी आल्या. पंचपात्रातल्या पाण्यात अनामिका बुडवली, कोयरीतलं कुंकू घेतलं, आणि बोट हवेतच थांबलं.

पार्सलचं कपाळ कुठलं?

त्यांनी ते सगळीकडून फिरवून पाहिलं. चारी बाजूंनी खाकी कागद. फक्त वरच्या अंगाला ते पांढरंशुभ्र लेबल, आणि त्याच्या मधोमध काळे पट्टे. पार्सल आडवं धरलं तर पट्टे अगदी कपाळावरच्या आठ्यांसारखे दिसत होते. मंजुषाताईंना खूण पटली. त्यांनी बरोब्बर आठ्यांच्या मधोमध ओलं बोट टेकवलं, जरासं वर ओढलं, आणि हात जोडले.

"सुखरूप जा," त्या म्हणाल्या.

निळ्या टी-शर्टमधला मनोज पार्सल न्यायला आला. तिशीतला, हसऱ्या तोंडाचा. त्याने फोनचा कॅमेरा लेबलावर धरला. फोन काही बोलेना. शर्टाला पुसून पुन्हा धरला.

"कॅमेरा गेला वाटतं माझा," तो म्हणाला. "असू द्या, नंबर हाताने टाकतो." मंजुषाताईंनी दिलेलं गूळपाणी पिऊन तो गेला.

आठवड्याच्या आत निळीने नेलेली सगळी पार्सलं एकामागून एक परत आली. 'लेबल वाचता येत नाही. पाठवणाऱ्याकडे परत.'

जयरामरावांनी संदेश तीनदा वाचला. तिसऱ्यांदा उभं राहून.

"वाचता येत नाही? मी छापलेलं?"

पार्सलं दाराशी उभी होती. मंजुषाताईंनी आतून भाकरीचा तुकडा आणि पाणी आणलं, त्यांच्यावरून ओवाळून टाकलं, आणि मगच त्यांना घरात घेतलं. "दमून आलीत," त्या म्हणाल्या. "कुठे कुठे फिरवलं असेल त्यांना."

लेबलावर मधोमध लाल डाग होता, तो दोघांनाही दिसत होता. पण त्या घरात कुंकू दिसणं म्हणजे भिंतीवर भिंत दिसणं. त्यात काय बघायचं?

जयरामरावांनी निळीला पत्र लिहिलं. 'महोदय, आपल्या यंत्रास दृष्टिदोष जडला आहे. त्यास तातडीने डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे.' खाली सही, आणि सहीखाली 'निवृत्त, तिकीट छपाई'. मग त्यांनी नवी लेबलं छापली, या वेळी नारिंगीची.

नवं लेबल, नवी पाठवणी. पहिल्या खेपेला बोट हलकं लागलं असेल, म्हणून पार्सलं परत आली असतील, असं मंजुषाताईंच्या मनाने घेतलं. या वेळी त्यांनी कुंकवात हळद मिसळली आणि बोट जरा भरून टेकवलं.

नारिंगी टी-शर्ट घालून दारात मनोजच उभा.

"अरे, तू निळीचा ना?" जयरामराव म्हणाले.

"होतो काका. म्हणजे आहे. नारिंगीचाही आहे. ह्या भागातला सगळा माल मीच उचलतो, टी-शर्ट बदलतो फक्त."

"आणि हिरवी?"

"ती पिशवीत आहे."

जयरामराव खुर्चीत बसले. रात्रंदिवस दर ताडून, तक्ते मांडून, ग्राहकांची मतं वाचून केलेली निवड त्यांच्या डोळ्यांपुढून गेली.

"मग मी इतके दिवस निवडलं काय?"

मनोजने प्रामाणिकपणे विचार केला. "रंग, काका," तो म्हणाला.

त्याने फोन लेबलावर धरला. फोन गप्प. "नवा घेतला की हो परवाच," तो पुटपुटला आणि नंबर हाताने टाकायला बसला.

नारिंगीची पार्सलं निळीपेक्षा लवकर परत आली. जयरामरावांच्या मते हीच काय ती तिच्यातली चांगली गोष्ट. त्यांनी तिलाही पत्र लिहिलं, ते निळीच्या पत्रापेक्षा लांब होतं आणि त्यात 'लांच्छनास्पद' हा शब्द दोनदा होता. आणि गंमत म्हणजे नारिंगीचं उत्तर आलं. त्यांनी माफी मागितली, चूक शोधतो म्हणाले, आणि पुढची पाठवणी फुकट देऊ केली. जयरामरावांनी ते उत्तर छापून फ्रीजवर चिकटवलं.

"बघितलंस? सुनावलं की सरळ येतात."

"तुमचं अक्षरच तसं आहे," मंजुषाताई म्हणाल्या. त्यात थट्टा नव्हती.

पौर्णिमा जवळ येत होती. बयाबाईंचा फोन आला. "सूनबाई, निघाल्या का वाती? घाई नाय हो. मी आपलं दार उघडं ठिवलंय." त्या दिवशी मंजुषाताईंच्या हातातली वात पहिल्यांदाच वाकडी वळली गेली.

राहिली हिरवी.

हिरवीची चाचणी एकाच पार्सलावर होती. बंगळुरूच्या एका बाईंनी देवीसाठी वाती मागवल्या होत्या. लेबल लावून पार्सल टीपॉयवर ठेवलं होतं, पोथी झाली की बोट लावायचं, असा मंजुषाताईंचा बेत. पण मनोज त्या दिवशी सकाळीच आला. हिरव्या टी-शर्टात. मंजुषाताई अध्यायाच्या ऐन मध्यात होत्या.

जयरामरावांनी पार्सल उचललं.

बोट लावायचं राहिलं होतं, हे मंजुषाताईंनी पाहिलं. बोलता येत नव्हतं. त्यांनी ओठांनी ओवी चालू ठेवली आणि अनामिका उचलून आपल्या कपाळाला लावली, पुन्हा पुन्हा.

"कपाळाला हात लावतेय," जयरामराव मनोजला म्हणाले. "उशीर झाला म्हणते. घे लवकर."

मंजुषाताईंनी मान जोरजोरात हलवली आणि कोयरीकडे बोट दाखवलं. कोयरीच्या मागे स्वयंपाकघराचं दार होतं.

"हो हो, चहा देतो त्याला. तू वाच."

"नको काका, घाईत आहे. अरे वा, आज पहिल्या झटक्यात वाचलं फोनने." आणि पार्सल गेलं. कोऱ्या कपाळाने.

त्या दिवशी मंजुषाताईंनी अध्याय पुरा केला, पण पुढे तासभर त्या पार्सलासाठी जप करत बसल्या. उघड्या कपाळाने परगावी गेलेल्या लेकराची आई बसेल तशा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंगळुरूच्या बाईंचा निरोप आला. पार्सल पोचलं, वाती फार सुंदर आहेत, आणि इतक्या लवकर कसं काय पाठवलंत?

जयरामरावांनी टेबलावर थाप मारली. वजनकाटा उडाला. "हिरवी. सांगत होतो की नाही? दोन गाळल्या, तिसरी निघाली. याला म्हणतात निवड."

"तुम्ही होतात म्हणून," मंजुषाताई म्हणाल्या. पण मनात त्यांचं वेगळंच चाललं होतं. बोट राहिलं तरी देवाने निभावून नेलं, जप कामी आला. आता मावशींच्या पार्सलाला काही म्हणजे काही कमी पडू द्यायचं नाही.

आणि त्यांनी कमी पडू दिलं नाही.

बयाबाईंचा खोका जुन्या टीव्हीएवढा होता, वजन उशीएवढं. हिरवीचं भलंमोठं लेबल त्यावर लागलं. मंजुषाताईंनी त्याच्यासमोर पाट मांडला. पाच बोटं कुंकवाची, पाच हळदीची. मग मधोमध, बरोब्बर आठ्यांवर, ओल्या कुंकवाचं स्वस्तिक. वर अक्षता चिकटल्या. एक फूलही चिकटायला बघत होतं, ते तेवढं पडलं.

"काकू, लग्नाला निघाल्यासारखा दिसतोय खोका," मनोज म्हणाला. फोन लावून बघण्याच्या भानगडीत न पडता त्याने नंबर हातानेच टाकला.

जयरामरावांनी खुर्ची संगणकापुढे ओढली आणि खोक्याचा माग काढायला बसले. दिवसभर त्यांचं धावतं वर्णन चालू होतं.

"नाशिकहून निघाला."

"छान झालं."

"भिवंडीला आलाय."

मंजुषाताई पोळ्या लाटता लाटता थांबल्या. "भिवंडी तर उलट्या दिशेला ना?"

"त्यांची पद्धत असते. आधी मागे जातात, मग झेप घेतात."

पुढच्या सकाळी झेप घेतली गेली. खोका नागपूरच्या गाडीत चढला होता. जयरामरावांनी नकाशा पाहिला आणि त्यांचा आवाज जरा खाली आला.

"म्हणजे रात्री तो नांदगाववरूनच गेला."

"मावशींच्या दारावरून?"

"दारावरून म्हणजे, तसा वरून. पण उतरला नाही."

बयाबाईंचा फोन आला. "सूनबाई, मी लोन्याची पणती करून ठिवली. तुपाची हंडी बी आनलीय. आता तुझ्या वाती आल्या की झालं. डोळं मिटायच्या आत येवढा नेम पार पडला की मी सुटले बाई." मंजुषाताई "हो मावशी" म्हणाल्या. फोन ठेवून त्या कापसाच्या रिकाम्या पोत्याकडे बघत राहिल्या. लाख वाती पुन्हा वळायला ना कापूस होता, ना दिवस.

त्रिपुरीच्या आदल्या दिवशी दुपारी मनोजने खोका दारात आणून ठेवला. टी-शर्ट हिरवा, चेहरा पिवळा. "काकू, मी काही केलं नाही हो."

खोक्याचा एक कोपरा दबला होता. लेबलावर शिक्का होता: वाचता येत नाही.

मंजुषाताईंनी भाकरतुकडा ओवाळला, पण या वेळी त्यांचे डोळे भरले होते. जयरामराव मात्र पेटले. कपाटातून त्यांनी आपलं जुनं भिंग काढलं. प्रेसमध्ये तिकिटांतला बारीकसा दोष पकडायला ते हेच वापरत.

"आता पुराव्यानिशी पत्र लिहितो. हिरवीने कुठे माती खाल्ली ते दाखवतो."

ते लेबलावर वाकले. भिंग पुढे नेलं, मागे आणलं. एकदा "हं" म्हणाले. कोपऱ्यात रचलेली निळीची पार्सलं घेतली, नारिंगीची घेतली, एकेका लेबलावर भिंग धरलं. ते बघून मनोजने पिशवी खाली ठेवून दिली.

काळे पट्टे फुटले होते. पाण्याने शाई पसरली होती, पट्ट्यांचे एकमेकांत ओघळ गेले होते, आणि त्या सगळ्या चिखलात, प्रत्येक लेबलावर, बरोब्बर मधोमध, एका बोटाचा स्वच्छ ठसा होता. गोल गोल रेषा, आणि एका बाजूला विळीने कापल्याची जुनी तिरपी खूण.

ते बोट जयरामराव ओळखत होते. लग्न झाल्यापासून रोज सकाळी ते त्यांच्या स्वतःच्या कपाळाला लागत होतं.

"काय झालं हो?" मंजुषाताईंनी विचारलं.

"शाई फुटलीय."

"कशाने?"

जयरामरावांनी भिंग त्यांच्या हातात दिलं. मंजुषाताईंनी पाहिलं. मग आपल्या अनामिकेकडे पाहिलं. मग पुन्हा लेबलाकडे.

"म्हणजे मीच," त्या म्हणाल्या. "मावशींचा नेम माझ्याच बोटाने मोडला."

मनोज हळूच म्हणाला, "काकू, मला तर वाटलं माझे फोनच खराब. देवाच्या कुंकवाकडे कोण बोट दाखवणार?"

आता नवरा रागावणार, अशी मंजुषाताईंची अपेक्षा होती. निदान भाषण तरी. जयरामरावांनी घसा खाकरला, पण भाषण आलं नाही. त्यांनी फ्रीजवरचं नारिंगीचं माफीपत्र काढलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"प्रेसमध्ये ओल्या छपाईला बोट लागू द्यायचं नसतं," ते म्हणाले. "ते बघायचं काम माझं होतं. पोरीने चिकटपट्टी लाव म्हणून सांगितलं, ते मी ऐकलं नाही. आणि तुझी काय चूक? आईने सांगितलं कपाळाला बोट लाव. पार्सलला कपाळच ठेवलेलं नाही, तर तू लावणार कुठे?"

ते संगणकापाशी जाऊन बसले. बराच वेळ चष्मा वरखाली होत राहिला. प्रिंटर घरघरला आणि एक कागद बाहेर आला. त्यावर रांगेने छोट्या छोट्या चौकटी होत्या, कोऱ्या, आणि प्रत्येक चौकटीच्या कडेला बारीक दाते. अगदी टपाल तिकिटासारखे.

"हे घे," ते म्हणाले. "उजव्या कोपऱ्यात, जिथे तिकीट असतं तिथे चिकटवायचं. पट्ट्यांपासून लांब. आतली जागा तुझ्या बोटाची. मोर नको, किल्ला नको. हेच तिकीट."

मंजुषाताईंनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घ्यावा तसा. माणसाला आयुष्यभर तिकिटं छापायला देव उगीच बसवत नसेल, असं त्यांना वाटून गेलं.

मनोजनेही वाकून पाहिलं. "काका, भारीच हो. एक मला द्या, टी-शर्टवर लावतो. तिन्ही कंपन्यांना चालेल."

पण खोका तिथेच होता, आणि त्रिपुरी उद्यावर. निळी, नारिंगी, हिरवी, कुणीही एका दिवसात नांदगाव गाठणार नव्हती. मंजुषाताई म्हणाल्या, "मी दुपारच्या गाडीने जाईन. सकाळचा अध्याय झाला की निघते." जयरामरावांनी कागद पुढे ओढले. तिन्ही कंपन्यांना क्षमापत्रं लिहीत ते संध्याकाळभर बसले. तिन्ही पत्रं छोटी होती.

त्रिपुरीच्या सकाळी मंजुषाताई पोथी घेऊन बसल्या. अध्याय निम्म्यावर आला असेल, तोच मागे पावलं वाजली. त्यांनी ओठ हलते ठेवून मान वळवली.

जयरामराव उभे होते. अंगात प्रेसमधला जुना गणवेशाचा शर्ट, ज्याचं पोटावरचं बटण आता लागत नव्हतं. हातांत बयाबाईंचा खोका, लेबलाची बाजू उघडी ठेवून जुन्या चादरीत बांधलेला. फुटलेलं लेबल त्यांनी खरवडून काढलं होतं. त्या जागी पत्ता हाताने लिहिला होता, कोपऱ्यात दात्यांची कोरी चौकट होती, आणि सेवेचं नाव लिहायच्या जागी वळणदार अक्षरात 'जयराम' एवढंच होतं.

त्यांनी खोका पुढे केला. मंजुषाताईंनी ओवी न सोडता कोयरीत बोट बुडवलं आणि चौकटीत टेकवलं. बरोब्बर मधोमध.

खोका बाजूला झाला. मग जयरामराव स्वतः वाकले, गुडघा कुरकुरला, आणि त्यांनी कपाळ पुढे केलं.

ती ओवी मंजुषाताईंनी दोनदा वाचली.

ना भाषण, ना तिकिटांची गोष्ट. ते पायांचा आवाज न करता बाहेर पडले. खिडकीतून मंजुषाताईंना फाटक दिसत होतं. इतक्यात टीपॉयवर काहीतरी थरथरलं. जयरामरावांचा फोन, घरीच राहिलेला. त्यावर तेजलचा निरोप उजळला: 'बाबा, बयाआजीचं पार्सल कुठवर पोचलं? ट्रॅकिंग पाठवा.'

पार्सल फाटक ओलांडून गल्लीच्या वळणापर्यंत पोचलं होतं, आणि डावा गुडघा सांभाळत, जरा उजवीकडे कलून, स्टेशनाच्या दिशेने चाललं होतं.